जीर्ण शिरःशूल : वेदनाशामकांचा अतिवापर आणि रुग्णालयातील शिरःशूल विभागाचे कार्य

शिरःशूलाचा जुना रुग्ण आपल्याकडे क्वचितच प्रथम येतो. त्यापूर्वी त्याने घरी सुंठीचा किंवा वेखंडाचा लेप लावून पाहिलेला असतो, सूर्योदयापूर्वी दूध-जिलबी खाण्याचा प्रयोग केलेला असतो, चष्म्याचा नंबर तपासून घेतलेला असतो आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून गोळ्यांचे कितीतरी पत्ते नेलेले असतात. 'पित्त चढते, उलटी झाली की मोकळे वाटते' असे तो सांगतो आणि त्याच शब्दावर पुष्कळदा पित्ताची चिकित्सा सुरू होते. काही दिवस उतार पडतो, पुढे पुन्हा तेच. वैद्य बदलतात, औषधे बदलतात. गोळ्यांचा पत्ता मात्र खिशात कायम असतो. रुग्ण त्याविषयी आपण होऊन बोलत नाही, कारण त्याच्या लेखी ते औषध नसतेच.

अशा रुग्णांसाठी मोठ्या रुग्णालयांच्या मज्जासंस्थारोग विभागात, काही ठिकाणी स्वतंत्रपणे, शिरःशूलाचे विशेष बाह्यरुग्ण विभाग चालतात. तेथे नेमके काय केले जाते, कोणता रुग्ण तेथे पाठवावा आणि तेथील उपचार सुरू असताना आपल्या चिकित्सेला जागा कोठे राहते, याविषयी आपल्या व्यवसायबंधूंत व औषधविक्रेत्यांत पुरेशी माहिती नाही, असे आम्हास वाटते. प्रस्तुत लेखाचा भर प्रामुख्याने एका मुद्द्यावर आहे. रुग्ण महिन्यातून किती दिवस वेदनाशामक घेतो याची मोजणी केल्याशिवाय जीर्ण शिरःशूलाची कोणतीही चिकित्सा, मग ती कोणत्याही पॅथीची असो, सुरू करू नये.

व्याधीची व्याप्ती लक्षात यावी म्हणून एकच आकडा देतो. कर्नाटकात बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील संशोधकांनी शहरी व ग्रामीण भागात घरोघरी जाऊन केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षभरात मायग्रेन झालेल्या प्रौढांचे प्रमाण २५.२ टक्के आढळले. म्हणजे दर चार माणसांत एक. यातील बहुतेकांना महिन्यातून एखाद-दुसरा वेग येतो आणि त्यांना विशेष रुग्णालयाची गरज पडत नाही. प्रश्न आहे तो उरलेल्यांचा.

संहितोक्त शिरोरोग

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात पाच शिरोरोग सांगितले आणि सिद्धिस्थानाच्या नवव्या अध्यायात त्रिमर्मांच्या संदर्भात शंखक, अर्धावभेदक, सूर्यावर्त व अनंतवात यांचे वर्णन केले. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात एकूण अकरा प्रकार मानले. अर्धावभेदकाचे वेग दहा दिवसांनी, पंधरा दिवसांनी वा अकस्मात येतात हे सुश्रुताचे निरीक्षण आणि रूक्षान्न, अध्यशन, वेगधारण, पूर्वेचा वारा, अतिश्रम ही चरकोक्त कारणे पाहिली की आजच्या मायग्रेनच्या रुग्णाची हकिकतच डोळ्यांसमोर येते. कडक उपवासाच्या दिवशी ठरावीक वेळी कपाळ धरणारी गृहिणी आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेली आहे.

तरीही एका संज्ञेपुढे दुसरी संज्ञा लिहून समीकरण मांडण्याची घाई करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सूर्यावर्त म्हणजे कपाळाच्या सायनसचा शोथ हे पुष्कळदा जुळते. परंतु घड्याळ लावल्यासारख्या ठरावीक वेळी येणाऱ्या क्लस्टर हेडेकलाही सूर्यावर्त म्हटले जाते आणि तेथे चिकित्सा चुकते. कृमिज शिरोरोगाचे नाते मेंदूतील फीतकृमीच्या गाठींशी जोडणारे लेखही वाचनात येतात. सुश्रुतोक्त कृमिज प्रकारात नाकावाटे पूय-रक्तमिश्रित स्राव सांगितला आहे. ते चित्र नाकात अळ्या पडण्याच्या व्याधीशी अधिक जुळते, मेंदूतील गाठींशी नव्हे.

दोन संहितावचने मात्र आजच्या वैद्याने अक्षरशः उशाशी ठेवावीत अशी आहेत. पहिले शंखकाविषयीचे. हा व्याधी तीन रात्रींत प्राण हरण करतो. तेवढा काळ रुग्ण तरला तरच, तेही असाध्यत्व सांगून, चिकित्सेस हात घालावा, असे चरकाचार्य बजावतात. दुसरे अर्धावभेदकाविषयीचे. तो अतिवृद्ध झाल्यास नेत्र वा श्रवण नष्ट करतो, असे त्यांनी म्हटले आहे. डोकेदुखी ही केवळ त्रासदायक नसते, कधी ती प्राणावर वा दृष्टीवर बेतते, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या काळी तीन रात्री वाट पाहण्यावाचून इलाज नव्हता. आज तीन तासही वाट पाहू नये असे रुग्ण कोणते, ते आधी सांगतो.

ताबडतोब पाठवावयाचे रुग्ण

एका मिनिटाच्या आत पराकोटीला पोहोचणारी, 'डोक्यात काहीतरी फुटले' अशा शब्दांत सांगितली जाणारी डोकेदुखी मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाची असू शकते. तेथे नस्य, लेप, शिरोधारा यांचा विचारही मनात आणू नये. बाळंतिणीची नव्याने सुरू झालेली व वाढत जाणारी डोकेदुखी, विशेषतः उलट्या, झटका किंवा एका बाजूचा अशक्तपणा सोबत असल्यास, मेंदूतील शिरांत रक्त गोठल्याची शंका घ्यावी. सूतिकावस्थेत पाणी कमी पिण्याची प्रथा अजूनही ज्या घरांत पाळली जाते तेथे हा विचार आधी यावा. काही आठवडे चाललेली डोकेदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन आणि किंचित बदललेले वागणे ही आपल्या देशात क्षयजन्य मस्तिष्कावरण शोथाची खूण आहे. हा रुग्ण 'जीर्णज्वर व शिरःशूल' या नावाखाली महिनाभर काढे घेत राहिला तर त्याचे फार मोठे नुकसान होते.

पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, कानशिलाला हात लावताच दुखणे आणि घास चावताना जबडा भरून येणे ही लक्षणे कानशिलातील धमनीच्या शोथाची असू शकतात. आपल्याकडे हा व्याधी विरळा असला तरी त्यात अंधत्व येण्यास एखादा दिवसही पुरतो, आणि स्टेरॉइड वेळीच मिळाले तर दृष्टी वाचते. एक डोळा लाल, दिव्याभोवती वलये दिसणे आणि त्याच बाजूचे डोके दुखणे म्हणजे तीव्र काचबिंदू. हा रुग्ण प्रथम नेत्रतज्ज्ञाकडे जावा. स्थूल तरुणीची रोजची डोकेदुखी आणि वाकले असता काही क्षण डोळ्यांपुढे येणारी अंधारी म्हणजे मेंदूतील द्रवाचा दाब वाढलेला असण्याची शक्यता असते. नेत्रतल तपासणी झालीच पाहिजे. चरकाचार्यांचे नेत्रनाशाचे वचन अशा सर्व रुग्णांत आठवावे.

शिरःशूल विभागात काय घडते

केवळ डोकेदुखीसाठी स्वतंत्र रुग्णालयीन विभाग ही कल्पना फार जुनी नाही. न्यूयॉर्कच्या मॉन्टेफिओरे रुग्णालयात १९४५ मध्ये डॉ. अर्नोल्ड फ्रीडमन यांनी असा विभाग सुरू केला. तो जगातील पहिला मानला जातो. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळ ग्लोस्ट्रुप येथे डॉ. येस ओलेसेन यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले राष्ट्रीय केंद्र आज या विषयातील अग्रगण्य केंद्रांपैकी एक आहे. तेथे मज्जारोगतज्ज्ञाबरोबर प्रशिक्षित परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ एकत्र काम करतात. मुंबईत डॉ. के. रविशंकर यांनी जसलोक व लीलावती रुग्णालयांत डोकेदुखी व मायग्रेनचे क्लिनिक चालविले. त्यांचे एक निरीक्षण आपल्या वाचकांना विशेष रुचेल. डोक्यावरून स्नान केल्याने मायग्रेनचा वेग येणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांचा अभ्यास त्यांनी २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य ग्रंथांतील कारणांच्या याद्यांत ही नोंद सहसा नसे; आपल्या आजीबाईंना मात्र ती ठाऊक होती.

अशा विभागात पहिल्या भेटीचा बहुतेक वेळ बोलण्यात जातो. वेदना कोठे, किती वेळ, कशी, हालचालीने वाढते की रुग्ण अस्वस्थपणे येरझारा घालतो, प्रकाश व आवाज सहन होतो का, डोळ्यातून पाणी येते का, हे बारकाईने विचारले जाते. मायग्रेनचा रुग्ण अंधाऱ्या खोलीत पडून राहतो, तर क्लस्टर हेडेकचा रुग्ण स्वस्थ बसू शकत नाही. एवढ्या एका प्रश्नाने अर्धे निदान होते. नेत्रतल, रक्तदाब, मान, चेतातंतूंची तपासणी केली जाते. ती सर्व प्राकृत असेल आणि वर्णन मायग्रेनचे असेल तर सीटी वा एम. आर. आय. काढण्याचे बहुधा कारण नसते. 'डोक्याचा फोटो' काढला म्हणजेच तपासणी झाली ही नातेवाइकांची समजूत तेथेही आडवी येते आणि तिथले डॉक्टर तीस पुष्कळदा शरण जातात, हेही खरे.

दुसरे साधन म्हणजे शिरःशूलाची रोजनिशी. एका कागदावर महिन्याचे दिवस. प्रत्येक दिवसापुढे वेदना झाली की नाही, किती तीव्र, कोणती गोळी किती, मासिक पाळी, झोप, उपवास. यासाठी कसलेही यंत्र लागत नाही आणि हे काम आपल्या चिकित्सालयातही आजपासून सुरू करता येते. इंटरनॅशनल हेडेक सोसायटीच्या २०१८ सालच्या वर्गीकरणानुसार महिन्यातून १५ वा अधिक दिवस डोके दुखत असेल, त्यांपैकी किमान ८ दिवस वेदनेचे स्वरूप मायग्रेनचे असेल आणि असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले असेल, तर ते जीर्ण मायग्रेन होय. रोजनिशीशिवाय हे निदान होऊच शकत नाही, कारण रुग्णाची स्मृती फक्त वाईट दिवस मोजते.

औषधच व्याधी होते तेव्हा

याच वर्गीकरणात आणखी एक व्याधी स्वतंत्रपणे नोंदविलेला आहे. त्यास आपण अतिऔषधजन्य शिरःशूल म्हणू. ज्याला आधीपासून डोकेदुखीचा व्याधी आहे अशा रुग्णाने तीन महिन्यांहून अधिक काळ पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारखी साधी वेदनाशामके महिन्यातून १५ वा अधिक दिवस घेतली. किंवा ट्रिप्टान, एर्गोटामिन, अफूवर्गीय औषधे वा संयुक्त वेदनाशामके १० वा अधिक दिवस घेतली. आणि त्याचे डोके महिन्यातून १५ वा अधिक दिवस दुखू लागले, तर हे निदान करावे असा नियम आहे. येथे गोळ्यांची संख्या मोजत नाहीत, गोळी घेतलेले दिवस मोजतात. आठवड्यातून दोन दिवसांहून अधिक गोळी घ्यावी लागते असे रुग्ण म्हणू लागला की तो या उंबरठ्यावर उभा आहे असे समजावे.

आपल्याकडील परिस्थितीत संयुक्त गोळ्यांचा मुद्दा विशेष गंभीर आहे. वेदनाशामकासोबत कॅफीन असलेल्या गोळ्या लोक सर्रास मागून घेतात आणि त्यावर दिवसातून चार वेळा चहा असतोच. एर्गोटामिन, कॅफीन, पॅरासिटामॉल व प्रोक्लोरपेराझिन यांची एकत्रित गोळी तर एकदा कोणा डॉक्टरने लिहून दिली की पुढे वर्षानुवर्षे त्याच जुन्या चिठ्ठीवर, किंवा चिठ्ठीवाचूनही, घेतली जाते. तिच्यातील एर्गोटामिनमुळे हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित होतात. एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक सोबत पडल्यास बोटे थंड व निळी पडण्यापर्यंत पाळी येते. प्रोक्लोरपेराझिन रोज पोटात गेल्यास कंप व ताठरपणा येऊ शकतो. असा रुग्ण 'कंपवात' म्हणून आपल्यापुढे बसला तर गोळ्यांची चौकशी करावी. ट्रॅमाडॉल २०१८ पासून एन. डी. पी. एस. कायद्याच्या कक्षेत आले आहे; तरीही डोकेदुखीसाठी ते घेणारे रुग्ण आढळतात.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, असा रुग्ण औषधांना दाद देत नाही. प्रतिबंधक औषधे पुष्कळदा निष्प्रभ ठरतात आणि आपली गोदंती, पथ्यादि क्वाथ, लघुसूतशेखर, अणुतैलाचे नस्य हेही वाया जाते. मग 'आयुर्वेदाने गुण आला नाही' असा शेरा बसतो. वस्तुतः मूळ अर्धावभेदकावर दुसरा व्याधी स्वार झालेला असतो आणि त्याचे निदान रोज पोटात जात असते. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी मानणाऱ्या वैद्याला हे पटवून देण्याची गरज नसावी. गरज आहे ती विचारण्याची. आणि विचारताना 'गोळ्या घेता का?' असे विचारू नये. 'गेल्या महिन्यात कोणकोणत्या दिवशी घेतल्या?' असे विचारावे. बिननावाच्या पुड्याही या मोजणीत धराव्यात. आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत स्टेरॉइड व वेदनाशामके मिसळलेली आढळली आहेत.

गोळ्या थांबविणे हाच उपचाराचा गाभा आहे. पण कशा थांबवाव्यात? येथे चरकाचार्यांचा पादांशिक क्रम आपल्याला आठवतो. अहितकर पण सवयीचे झालेले द्रव्य चतुर्थांशाने कमी करीत सोडावे, हा सूत्रस्थानातील उपदेश आपल्या अंगवळणी पडलेला आहे. आधुनिक अनुभव मात्र येथे दुपदरी आहे. साधी वेदनाशामके, ट्रिप्टान व एर्गोटामिन एकदम बंद करता येतात, आणि डॅनिश केंद्राने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक चाचणीत पूर्ण बंदी ही आठवड्यातून दोन दिवसांची सवलत देण्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरली. दोन दिवसांची मुभा म्हणजे तिसऱ्या दिवसाची वाटच, असा हा अनुभव दिसतो. याउलट अफूवर्गीय औषधे, झोपेची औषधे व बार्बिट्युरेट ही क्रमानेच कमी करावी लागतात; ती एकदम तोडल्यास झटके व तीव्र उपद्रव संभवतात, म्हणून असे रुग्ण दाखल करून घेतले जातात. पादांशिक क्रम कोठे लागू करावा आणि कोठे नाही, हे द्रव्यानुसार ठरते. केवळ संहितेत आहे म्हणून तो सर्वत्र लावणे योग्य नव्हे.

गोळ्या बंद केल्यावरचे पहिले दिवस कठीण असतात. वेदना वाढते, मळमळ, उलटी, अनिद्रा, चिडचिड होते. जर्मनीतील एसेन येथील अभ्यासात हा काळ ट्रिप्टान घेणाऱ्यांत सरासरी ४ दिवस, एर्गोटामिन घेणाऱ्यांत सुमारे ७ दिवस आणि साधी वेदनाशामके घेणाऱ्यांत साडेनऊ दिवस आढळला. म्हणजे ज्या गोळीस लोक सर्वांत निरुपद्रवी समजतात तीच सर्वांत उशिरा पाठ सोडते. हे दिवस रुग्णाला आधी सांगून ठेवले नाहीत तर तिसऱ्या दिवशी तो दुकानात जातो. रुग्णालयात या काळात शिरेतून द्रव, वांतिनाशक औषधे व काही वेळा दुसऱ्या गटातील औषधाचा अल्पकाळ आधार दिला जातो. प्रतिबंधक औषध केव्हा सुरू करावे याविषयी मतभेद होते. डॅनिश केंद्राच्याच २०२० च्या १२० रुग्णांवरील चाचणीत गोळ्या बंद करणे आणि त्याच दिवशी प्रतिबंधक औषध सुरू करणे या दोन्हींची जोड असलेल्या गटात अतिवापराचा व्याधी सुटण्याचे प्रमाण सर्वाधिक होते.

रुग्णालयातील इतर उपचार

प्रतिबंधक औषधांत प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट, फ्लुनारिझिन व व्हॅल्प्रोएट ही जुनी नावे आहेत. प्रत्येकाचा गुण पाहण्यास आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात. पंधरा दिवसांत 'फरक नाही' म्हणून सोडणारे रुग्णच जास्त. व्हॅल्प्रोएट व टोपिरामेट गर्भास घातक असल्याने तरुण स्त्रियांत ती जपून वापरली जातात. जीर्ण मायग्रेनसाठी २०१० पासून अमेरिकेत मान्यता असलेले बोट्युलिनम टॉक्सिन डोके, मान व खांद्यांवरील ३१ ठिकाणी मिळून १५५ युनिट, दर १२ आठवड्यांनी टोचतात. वेदनावहनात भाग घेणाऱ्या सी. जी. आर. पी. या पेप्टाइडविरुद्धच्या प्रतिपिंडांपैकी पहिले २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, आणि या शोधामागील चार संशोधकांना, त्यांत ओलेसेन हेही होते, २०२१ चे ब्रेन प्राइझ मिळाले. या इंजेक्शनांचा खर्च बहुसंख्य भारतीय रुग्णांना न परवडणारा आहे.

क्लस्टर हेडेकचा उपचार मात्र साधा व स्वस्त असूनही अज्ञात राहतो. मुखवट्यातून दर मिनिटास १२ लिटर या वेगाने शुद्ध प्राणवायू १५ मिनिटे दिल्यास, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीनुसार, ७८ टक्के वेग शमले. साध्या हवेने २० टक्के. रात्री ठरावीक वेळी, एका डोळ्यामागे, डोळ्यातून व नाकातून पाणी वाहत येणारी असह्य वेदना असलेला पुरुष रुग्ण 'जुना प्रतिश्याय' म्हणून नस्य घेत असेल तर त्यास अवश्य पाठवावे.

आपल्या चिकित्सेचे स्थान

रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा बहुधा त्याने मनाशी ठरविलेले असते की आता 'इंग्रजी औषधे सगळी बंद'. येथे वैद्याने सावध असावे. वेदनाशामक बंद करणे आणि प्रतिबंधक औषध बंद करणे यांत महद्अंतर आहे. प्रोप्रॅनोलॉल एकाएकी सोडल्यास हृदयविकार उफाळू शकतो. व्हॅल्प्रोएट वा टोपिरामेट एकाएकी सोडल्यास झटके येऊ शकतात. ही औषधे ज्याने सुरू केली त्यानेच कमी करावीत.

दोन द्रव्यांविषयी माहिती प्रत्येक चिकित्सालयात असावी. गुग्गुळाच्या प्रमाणित अर्कामुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे रक्तातील प्रमाण घटते, हे मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९४ मध्ये निरोगी स्वयंसेवकांत दाखविले. याउलट पिप्पली-मरिचातील पायपेरिन प्रोप्रॅनोलॉलचे प्रमाण वाढविते, असे १९९१ च्या अभ्यासात आढळले. मायग्रेनसाठी प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्यास गुग्गुळकल्प वा त्रिकटुयुक्त कल्प देताना नाडी व रक्तदाब पाहावा आणि संबंधित डॉक्टरांस कळवावे. यष्टिमधु दीर्घकाळ मोठ्या मात्रेत दिल्यास रक्तदाब वाढतो, हेही विसरू नये.

आपली बाजू दुबळी आहे असे मुळीच नाही. दिनचर्या, निद्रा, भोजनकाळ, वेगधारण टाळणे या ज्या गोष्टी रुग्णालयातील परिचारिका आज रोजनिशीच्या आधारे शिकवितात त्या आपल्या चिकित्सेचा पाया आहेत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या औषधांना योगाभ्यासाची जोड दिलेल्या रुग्णांत केवळ औषधे घेणाऱ्यांपेक्षा वेगांची संख्या व तीव्रता अधिक घटली. शिरोधारा, नस्य, मृदू विरेचन यांविषयी आपणही अशाच कसोटीची नोंद ठेवावयास हवी, आणि त्याची सुरुवात महिन्याच्या त्या साध्या कागदापासून होते. गोळ्या थांबविल्यानंतरचे पहिले दहा दिवस हा वैद्याच्या उपस्थितीचा खरा काळ आहे. रुग्णाला रोज बोलावून धीर देणे, लघु आहार, स्नेहन, झोपेची व्यवस्था एवढे जरी केले तरी तो दुकानाकडे वळत नाही. रुग्णालयातील गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागास हे रोजचे लक्ष देणे जमत नाही.

औषधविक्रेत्यांना विनंती

कोणत्याही डॉक्टराच्या वा वैद्याच्या आधी हा व्याधी औषधविक्रेत्याला दिसतो. तोच माणूस दर चार दिवसांनी तोच पत्ता नेतो, हे फक्त त्यालाच माहीत असते. अशा ग्राहकाला 'महिन्यात किती दिवस घेता?' एवढे विचारावे. उत्तर दहाच्या पुढे गेले तर गोळीनेच डोके दुखत असण्याची शक्यता आहे असे सांगून तपासणीस पाठवावे. एका पत्त्याचा गल्ला जाईल हे खरे; पण तो ग्राहक पुढे कुटुंबासह येत राहतो, असा विचार करणारे दुकानदारही आम्हास माहीत आहेत. एर्गोटामिनच्या गोळ्या नेणाऱ्याने सोबत मॅक्रोलाइड प्रतिजैविकाची चिठ्ठी आणली तर ती देण्यापूर्वी डॉक्टरांना दूरध्वनी करावा. गर्भनिरोधक गोळ्या नेणाऱ्या स्त्रीने डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकणाऱ्या रेषा दिसतात असे सांगितल्यास तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे धाडावे. अशा मायग्रेनमध्ये इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

रुग्ण पाठविताना सोबत चिठ्ठी द्यावी. मुंबईत के. ई. एम., नायर व जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत मज्जासंस्थारोग विभाग आहेत. अन्य जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधवैद्यक विभागातून पुढील मार्ग मिळतो. चिठ्ठीत डोकेदुखी केव्हापासून, गेल्या महिन्यात किती दिवस, वेदनाशामक कोणते व किती दिवस, प्रतिबंधक औषधे कोणती घेऊन झाली व किती आठवडे, आणि आपण दिलेल्या कल्पांची घटकद्रव्यांसह नावे लिहावीत. रसौषधी दिलेली असेल तर तिचे नाव व मात्रा उघडपणे लिहावी. ती लपविल्याने पुढील डॉक्टर अंदाजाने वागतो आणि संशय मात्र साऱ्या शास्त्रावर येतो. रोजनिशीचा कागद चिठ्ठीला टाचून द्यावा आणि त्याची एक प्रत आपल्या नोंदवहीत ठेवावी. तीन महिन्यांनी रुग्ण परत आला की दोन कागद शेजारी ठेवून पाहता येतात.